स्टेज ४, कोलोस्टॉमी, केमोपोर्ट आणि जानेवारीत मुंबईची हाफ: तयारी आणि संशोधनासाठी निधी, दोन्हीबद्दल

कर्वेरोड (धागाकर्ता)

नमस्कार. मोठ्या भावासाठी विचारतोय, वय ५२. रेक्टमचा (गुदाशयाचा) कॅन्सर, निदानाच्या वेळीच लिव्हरमध्ये दोन गाठी, म्हणजे स्टेज ४. पाच दिवसांचं रेडिएशन, फॉलफॉक्स केमो, रेक्टमचं ऑपरेशन होऊन कायमची कोलोस्टॉमी (आतड्याचं तोंड पोटावर, त्यावर पिशवी), मग लिव्हरचा भाग काढला, त्यानंतर उरलेली केमो. शेवटची सायकल फेब्रुवारीत झाली. जूनमधला सीटी आणि सीईए (कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) नॉर्मल. पोर्ट (केमोसाठी छातीच्या त्वचेखाली बसवलेली डबी) अजून काढलेला नाही. पायाची बोटं आणि चवडे सुन्न आहेत. सध्या रोज ४ किलोमीटर चालतो. आजारापूर्वी तीन-चार हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) झालेल्या आहेत.

जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनला हाफ करायची आणि त्यानिमित्ताने कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पैसे जमवायचे असा बेत आहे. रुग्णांच्या मदतीसाठी नाही, संशोधनासाठीच. देणगीदारांनी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम द्यायची अशी कल्पना आहे. डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही, जपून करा." तर:

१) जपून म्हणजे नेमकं काय? कोणत्या तपासण्या आधी करायच्या?
२) सुन्न पाय, पिशवी आणि पोर्ट घेऊन धावताना काय काय बिघडतं?
३) साडेसहा महिने पुरेसे आहेत का?
४) पैसे कुठे, कसे जमवायचे? पावत्या, ८०जी (देणगीवरची करसवलत), परदेशातले नातेवाईक वगैरे.

प्रेरणादायी गोष्टी नकोत, माहिती हवी आहे.


सेतुबंध

"व्यायाम करू का?" असं ओपीडीत विचारलं की "करा" हेच उत्तर येतं. प्रश्न बदला: "दोन-तीन तास सलग, दमट हवेत, धाप लागेल इतक्या जोराने हालचाल करायची आहे. त्याआधी काय तपासू?" यावर वेगळं उत्तर मिळतं.

हृदय. फॉलफॉक्समधलं ५-एफयू हे औषध हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचित करू शकतं. हा त्रास बहुधा औषध चालू असतानाच दिसतो. तेव्हा छातीत दुखलं होतं का, हे फाइलमध्ये शोधा. दुखलेलं नसलं तरी पन्नाशी ओलांडलेला आणि वर्षभर हालचाल कमी झालेला माणूस म्हणून ईसीजी, २डी एको आणि ट्रेडमिल स्ट्रेस टेस्ट करून घ्या. टेस्टच्या वेळी पाय सुन्न असल्याचं टेक्निशियनला आधीच सांगा. पट्टा कुठे सरकतोय ते पायाला कळत नाही आणि माणूस दम लागून नव्हे, तोल जाऊन थांबतो. मग रिपोर्टवर "अपूर्ण" लिहून येतं आणि कळत काहीच नाही.

हाडं. याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. रेक्टमसाठी दिलेलं रेडिएशन कमरेच्या हाडांवरूनही जातं आणि त्यानंतर सेक्रमचं (कण्याच्या तळाचं, माकडहाडाच्या वरचं) हाड ठिसूळ राहू शकतं. तिथे पडणारी बारीक चीर पडून-आपटून आलेली नसते, नेहमीच्या भारानेच येते. माकडहाडाच्या वरच्या बाजूला उभं राहिल्यावर किंवा चालल्यावर दुखतं, आडवं झालं की कमी होतं. लोक सायटिका समजून शेकत बसतात. साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. व्हिटॅमिन डी आणि डेक्सा स्कॅन (हाडांची घनता) आत्ताच करून ठेवा. रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं नवीन दुखणं मात्र फिजिओकडे नाही, आधी ऑन्कॉलॉजिस्टकडे न्यायचं.

(धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: हाडात पसरलेला कॅन्सर असेल तर हे सगळं गणित बदलतं. लांब हाडातल्या गाठीसाठी ऑर्थोचे डॉक्टर हाड मोडण्याचा धोका सांगणारा मिरेल्स स्कोअर काढतात, ४ ते १२ पर्यंत. ९ किंवा जास्त असेल तर हाड मोडण्याआधीच रॉड घालण्याचा विचार होतो. अशा वेळी धावणं नाहीच. मणक्यात असेल तर वाकून पिळण्याचे व्यायामही नाहीत.)

रक्त. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम-मॅग्नेशियम, प्लेटलेट. फॉलफॉक्समधल्याच ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधामुळे लिव्हरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊन प्लीहा मोठी होऊ शकते आणि केमो संपल्यावरही कित्येक महिने प्लेटलेट कमी राहू शकतात. ५०,००० च्या खाली असतील तर पडण्याची शक्यता असलेलं काहीही नको. सीटी रिपोर्टमध्ये प्लीहेचं माप दिलेलं असतं, तेवढी ओळ शोधून वाचा.

पोट. स्टोमाच्या (पोटावरच्या आतड्याच्या तोंडाच्या) कडेने आणि ऑपरेशनच्या व्रणातून, दोन्हीकडून हर्निया होऊ शकतो. सिट-अप्स बंद. झोपून गुडघे वाकवून कंबर जमिनीला टेकवणं, मग ब्रिज (कंबर वर उचलणं), मग भिंतीला टेकून स्क्वॉट, या क्रमाने जा. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. आठवड्यातून दोन दिवस हे हवंच. धावणं एखाद्या आठवड्यात सुटलं तर चालेल, हे सुटता कामा नये.

अपेक्षांबद्दल एक. २०२५ मध्ये 'चॅलेंज' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ८८९ रुग्ण, तीन वर्षांचा ठरवून दिलेला व्यायाम. आठ वर्षांनी व्यायाम गटातले ९०.३ टक्के हयात होते, फक्त माहितीपत्रक दिलेल्या गटातले ८३.२ टक्के. उत्तम निकाल आहे, पण ते रुग्ण कोलन कॅन्सरच्या स्टेज ३ आणि जोखमीच्या स्टेज २ चे होते, स्टेज ४ चे नव्हते. आणि व्यायाम होता आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास भरभर चालण्याइतका, हाफ मॅरेथॉन नव्हे. पसरलेल्या कॅन्सरमध्ये व्यायामाने काय होतं याचा चांगला पुरावा स्तनाच्या कॅन्सरमधला आहे. 'प्रेफरेबल-इफेक्ट' चाचणीत ३५७ रुग्ण होते, नऊ महिने देखरेखीखाली व्यायाम दिला, थकवा कमी झाला आणि जगणं सुसह्य झालं. तेवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. त्याच चॅलेंजमध्ये स्नायू-सांध्यांच्या तक्रारीही व्यायाम गटात जास्त होत्या, १८.५ विरुद्ध ११.५ टक्के. तेव्हा व्यायाम आहे म्हणून फुकट आहे असं नाही.


टाके_आणि_टेप

स्टोमाबद्दल लिहिते.

पिशवी आणि बेसप्लेट (पिशवी धरणारी, त्वचेला चिकटणारी चकती) शर्यतीच्या दिवशी पहाटे बदलू नका. चिकट थराला त्वचेवर बसायला वेळ लागतो आणि पहाटे घाईत लावलेली प्लेट घामाने पहिल्या तासातच कडेने सुटते. आदल्या दिवशी दुपारी अंघोळीनंतर, त्वचा पूर्ण कोरडी करून लावा. तेल, मॉइश्चरायझर, व्हॅसलिन यांचा हातही त्या भागाला लागू देऊ नका. धावणारे मांड्यांना आणि काखेत व्हॅसलिन चोपडतात आणि मग त्याच बोटांनी प्लेटची कड दाबतात. निम्म्या गळत्या इथेच सुरू होतात. सरावाच्या महिन्यांत घाम वाढतो, त्यामुळे प्लेट नेहमीपेक्षा लवकर बदलावी लागेल. महिन्याचा खर्च वाढणार हे धरून चाला.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. त्याहून जास्त वजन धावताना हिसके देतं.

डाव्या बाजूची कोलोस्टॉमी असेल तर इरिगेशनचा पर्याय विचारा. स्टोमातून कोमट पाणी सोडून आतडं साफ करतात, पाऊण ते एक तास लागतो आणि जमलं तर पुढे दिवसभर पिशवीत फारसं काही येत नाही. हे पुस्तकात वाचून करायचं नाही. सर्जनची परवानगी आणि स्टोमा नर्सकडून प्रत्यक्ष शिकवणी हवी, आणि निदान दोन महिने आधी सुरुवात हवी. रेडिएशन झालेल्यांना किंवा हर्निया असलेल्यांना बऱ्याचदा नाही म्हणतात.

आदले दीड दिवस भात, दही, इडली, साबुदाणा असं साधं. मटकी, राजमा, कोबी, कच्ची कोशिंबीर बंद. एनर्जी जेल वापरणार असाल तर सरावात वापरून बघा. काहींनी पातळ होतं.

पाण्याची बाटली हा विचित्र पेच आहे. कमरेचा पट्टा स्टोमावर येतो, पाठीवरच्या पाणपिशवीचा बंद नेमका पोर्टवर घासतो. म्हणून हाताला बंदाने अडकवायची मऊ बाटली घ्या. आणि छातीवरचा नंबर! सेफ्टी पिना पोटाच्या उंचीवर टोचू नका. पिशवीला भोक पडायला एक पीन पुरते. नंबर वर, छातीच्या मध्यावर, पोर्टपासून दूर लावा.

सोबत: आधीच कापून ठेवलेली एक पिशवी, ओले-कोरडे वाइप्स, कचऱ्याची काळी पिशवी, एक जादा शॉर्ट्स. हे सगळं मार्गावर ठरलेल्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाकडे द्या.

धावणं तिथेच थांबवायचं: स्टोमा जांभळा-काळा दिसला, कडेला फुगवटा येऊन दुखू लागला, किंवा पोट फुगलंय, उलटी होतेय आणि स्टोमातून वारासुद्धा येत नाहीये. शेवटचं लक्षण "गॅस झालाय" म्हणून अंगावर काढू नका. आतडं अडकलेलं असू शकतं.

सायकल हा पर्याय कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगते. या ऑपरेशनमध्ये गुदद्वाराची जागा शिवून बंद केलेली असते आणि ती जखम आतून भरायला महिने लागतात. अरुंद सीटचा दाब नेमका तिथेच येतो. सर्जनने तपासून हो म्हटल्याशिवाय सायकल नको.


पेडर_रोड_चढण

पाय आणि वेळापत्रक.

सुन्न पायाची खरी अडचण वेदना नाही, वेदना न होणं ही आहे. बुटात खडा गेला तर कळत नाही. फोड कळत नाही. नख उलटलं तर घरी मोजा काढल्यावर कळतं. म्हणून रोज, धावण्याआधी बुटात हात घालून चाचपायचं, धावून आल्यावर मोबाइलने तळव्यांचा फोटो काढून बघायचा. बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्या, पुढे अंगठ्याइतकी जागा सोडून. शिवण नसलेले मोजे घ्या, नसतील तर आहेत तेच उलटे घाला.

तोल: भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटून एका पायावर किती सेकंद जमतं ते महिन्यातून एकदा लिहून ठेवा. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच येतील, घाबरू नका. रोज सरावाने वाढतात. ऑक्झॅलिप्लॅटिनचा सुन्नपणा केमो थांबल्यावरही दोन-तीन महिने वाढत जातो आणि मग हळूहळू ओसरतो, काहींचा थोडा राहतोच. ड्युलोक्सेटिन हे वेदनेसाठी आहे, सुन्नपणासाठी औषध नाही. बी१२ ची कमतरता नसताना इंजेक्शनं टोचून घेण्यात अर्थ नाही.

पहाटे अंधारात पदपथावर धावू नका. पुण्यात तर नाहीच, पेव्हर ब्लॉक कुठे वर आला असेल सांगता येत नाही. उजाडल्यावर, मैदानात किंवा ट्रॅकवर. डोंगराळ शर्यती तूर्त विसरा. साताऱ्याच्या हिल हाफला यवतेश्वराचा घाट चढून परत उतरायचं असतं, आणि उतारावर सुन्न बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात.

वेळापत्रक ढोबळ असं:

पहिले ८ आठवडे फक्त चालणं. आठवड्यातून ४ दिवस, ४० मिनिटांपासून ६० मिनिटांपर्यंत, वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगात. सोबत वर सांगितलेले ताकदीचे २ दिवस.

९ ते १६ आठवडे: ३ दिवस, १ मिनिट हळू धावणं, २ मिनिटं चालणं. २० मिनिटांनी सुरुवात, ४० पर्यंत. चौथा दिवस लांब चालण्याचा.

१७ व्या आठवड्यापासून २ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं. रविवारचं अंतर ६ पासून वाढवत न्यायचं. दर चौथ्या आठवड्यात अंतर तिसऱ्या हिश्शाने कमी.

हृदयाच्या ठोक्यांवर फार विसंबू नका. हिमोग्लोबिन कमी असेल तर ठोके उगाच वर जातात, बीटा-ब्लॉकर चालू असेल तर वर जातच नाहीत. श्वास आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा, हे दोन मापक पुरे. दुपारी झोपून, पोटभर जेवूनही थकवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर आधीच्या आठवड्यावर परत.

सीटीच्या आठवड्यात लांब पल्ला ठेवू नका. कॉन्ट्रास्ट दिल्यावर दिवसभर पाणी आणि विश्रांती. रिपोर्टच्या आदल्या रात्री कुणाला झोप लागत नाही, तेही धरा.

साडेसहा महिन्यांत चालत-धावत २१ होऊ शकतं, नाही असं नाही. पण मत विचाराल तर या वर्षी १० किलोमीटर. कारण शरीराशी कमी आणि नोंदणीशी जास्त आहे. कोणतं अंतर ते नोंदणीच्या वेळी ठरवावं लागतं आणि शरीराचं उत्तर मिळतं ऑक्टोबरच्या अखेरीस. नोंदणी झाल्यावर अंतर बदलता येईल असं गृहीत धरू नका. एकदा २१ चा नंबर हातात आला की माणूस तो नंबर सोडत नाही. दहाचा रस्ता सपाट आहे. हाफमध्ये दम संपत आलेला असताना पेडर रोडचा चढ समोर येतो. पूर्वी हाफ केलेल्या माणसाला तर तो चढ फारच ओळखीचा वाटतो, आणि जुन्या वेगाने चढायचा मोह होतो.

पाण्याबद्दल: ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतून "जास्त ताकद" आणणारे दर शर्यतीत भेटतात. मळमळ आणि जुलाब होतात. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नव्हेत. उलट टोकाला, प्रत्येक स्टॉलवर साधं पाणी ढोसत राहिलं तर सोडियम घसरतं. तहान लागेल तेवढंच. शर्यतीआधी "दुखू नये म्हणून" डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन अजिबात नाही, किडनीचा प्रश्न आहे.


हिशेबनीस

आता पैसा. किलोमीटरमागे देणगी ही कल्पना काढून टाका, हे सगळ्यात आधी. १४ व्या किलोमीटरला माकडहाडात कळ आली, आणि पुढच्या सातात पन्नास-साठ हजार रुपये आहेत हे डोक्यात असेल, तर तो माणूस थांबेल का? रक्कम आधीच द्यायची. धावला, चालला, आदल्या दिवशी ताप आला म्हणून घरी बसला, तरी तीच.

याला सज्जड दाखला आहे. कॅन्सरमुळे पाय गेलेला टेरी फॉक्स हा कॅनेडियन तरुण संशोधनासाठी पैसे जमवायला देश पार करायचा म्हणून १२ एप्रिल १९८० ला कॅनडाच्या पूर्व टोकाहून निघाला, एका कृत्रिम पायावर, रोज जवळपास मॅरेथॉनइतकं. १ सप्टेंबरला थंडर बेजवळ थांबला, कारण कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर, म्हणजे देश पार झालाच नाही. बहुतेक पैसा तो थांबल्यानंतर आला. साधारण आठवड्याभराने झालेल्या एका टीव्ही कार्यक्रमातून १ कोटी ५ लाख डॉलर जमले आणि १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत माणशी एक डॉलर हे त्याचं स्वप्न पूर्ण झालं, २ कोटी ४१ लाखांवर. दुसरी बाजूही सांगायला हवी: त्या धावण्याच्या काळात त्याने नियमित तपासण्या नाकारल्या होत्या. ते अनुकरणीय नाही.

मग हिशेब.

स्वतःच्या खात्यात पैसे गोळा करू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त आले तर ते तुमचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं, आणि पुढे तुम्ही एकरकमी दिलेल्या देणगीची पावती तुमच्या एकट्याच्या नावाने निघते. देणगीदाराने थेट संस्थेला द्यावं, नाव, पत्ता, पॅनसकट. संस्था त्यावरून विवरण भरते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीचं प्रमाणपत्र (जुन्या कायद्यातला फॉर्म १०बीई) देते. तो नसेल तर नुसती पावती सवलतीला उपयोगी नाही. २,००० रुपयांवर रोख दिली तर सवलत नाही.

८०जी खाली बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते, उत्पन्नाच्या मर्यादेत. मान्यताप्राप्त संशोधन संस्थेला दिल्यास, व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांना ८०जीजीए खाली १०० टक्के. पण दोन्ही फक्त जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली घेणाऱ्या पगारदाराला यातलं काहीही मिळत नाही, म्हणून पत्रकावर "करसवलत" मोठ्या अक्षरात छापू नका, मागून भांडणं होतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले आहेत. संस्थेच्या लेखा विभागाला ताजं कलम विचारा.

परदेशातले नातेवाईक: तिथे राहतो पण भारतीय पासपोर्ट आहे, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परकीय देणगी धरत नाहीत. अमेरिकेचा नागरिक झालेला, ओसीआय कार्ड असलेला आतेभाऊ मात्र कायद्याने परकीय. त्याचा पैसा संस्थेच्या एफसीआरए (परकीय देणगीसाठीच्या) खात्यातच गेला पाहिजे, जे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेत असतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच क्यूआर कोड टाकला की हा घोळ हमखास होतो. दोन वेगळे मेसेज करा.

"संशोधनासाठी" हा शब्द लेखी हवा. कॅन्सर संस्थांना आलेला बराचसा पैसा रुग्णमदतीत जातो, आणि त्यात वाईट काही नाही, पण हेतू वेगळा असेल तर देणगीसोबतच्या पत्रात विभाग किंवा प्रकल्प नमूद करा आणि पावतीवर तो उतरवून घ्या. प्रकल्प म्हणजे रुग्णांवरची चाचणी असेल तर सीटीआरआय (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. २००९ च्या जूनपासून भारतात ही नोंदणी सक्तीची आहे, वेबसाइटवर कुणालाही पाहता येते. क्रमांक नाही, एथिक्स समितीची मान्यता नाही, पण "संशोधित" काढा आहे, अशांपासून दूर.

मॅरेथॉनमधून निधी उभारायचा असेल तर मॅरेथॉनच्या निधी उभारणीचं काम पाहणाऱ्या युनायटेड वे मुंबईकडे नोंदलेल्या संस्थांच्या यादीतून निवडावी लागते. चॅरिटी बिबच्या (देणगी देऊन मिळणाऱ्या शर्यतीच्या नंबरच्या) बदल्यात दिलेल्या रकमेवर ८०जी मिळेलच असं समजू नका, आधी विचारा.


कर्वेरोड

सगळ्यांचे आभार. किलोमीटरची कल्पना भावाने स्वतःच रद्द केली. दहाची नोंदणी करतोय. एक शंका: लोक विचारतात, "संशोधनाला कशाला? कंपन्या करतातच की. त्यापेक्षा एखाद्या गरिबाची केमो होईल." याला काय उत्तर द्यायचं?


सेतुबंध

कंपन्या जे करणार नाहीत ते दाखवा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब या औषधाचा २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसचा दहावा हिस्सादेखील नाही, असा डोस तीन आठवड्यांनी एकदा देऊन पाहिला. १५१ रुग्ण होते. गोळ्यांच्या स्वस्त उपचाराला हा डोस जोडल्यावर एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हे २०२२ साली प्रसिद्ध झालं. आपलंच औषध दहापट कमी विकण्याची चाचणी कोणती कंपनी करेल? तसंच स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं लिग्नोकेन टोचण्याची चाचणी. १,६०० स्त्रिया, पाच वर्षांनी हयात असणाऱ्या ८६.४ ऐवजी ९०.१ टक्के. ते औषध कुठल्याही दवाखान्यात काही रुपयांत मिळतं. यातून एका गरिबाची नव्हे, पुढच्या सगळ्यांची केमो स्वस्त होते. कुणाला तेवढ्यानेही पटलं नाही तर त्याला रुग्णमदतीच्या खात्याचा नंबर द्या, वाद घालू नका.

आणि पैशाशिवायही भाऊ संशोधनाला मदत करू शकतो. ऑपरेशनमधला पॅराफिन ब्लॉक (जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) रुग्णालयात आहे ना याची खात्री करा, बायोबँकेच्या (संशोधनासाठी नमुने जपणाऱ्या विभागाच्या) संमतीपत्राबद्दल विचारा, आणि पुढे कधी चाचणीत सहभागी होता येईल का, तेही. स्टेज ४ मधून बाहेर आलेल्या माणसाच्या पेशी आणि नोंदी संशोधकांना हव्याच असतात.


चार्ल्सकाठ

बॉस्टनहून थोडी भर. इथली पॅन-मास चॅलेंज ही सायकल राइड दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी असते. मुख्य मार्ग स्टर्ब्रिजपासून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत, दोन दिवसांत सुमारे ३०० किलोमीटर, मध्ये बोर्नला मुक्काम. १९८० साली बिली स्टारने ३६ जणांना घेऊन सुरू केली, तेव्हा जेमतेम १०,२०० डॉलर जमले. २०२४ पर्यंतची एकूण बेरीज १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली, सगळं डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटसाठी.

दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली, इथेही कापलेल्या अंतराशी रक्कम बांधलेली नसते. मार्ग निवडताना किमान निधी कबूल करायचा, क्रेडिट कार्ड नोंदवायचं, आणि ठरलेल्या मुदतीत कमी पडलं तर फरक त्या कार्डातून कापतात. राइड पूर्ण केली की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. भारतात घरगुती पातळीवर असं कार्ड ठेवायची गरज नाही, पण कबूल केलेला आकडा छोटा ठेवा. आजारी माणसाच्या डोक्यावर वसुलीचं ओझं नको.

दुसरी, देणगीदारांचा शंभर टक्के पैसा इन्स्टिट्यूटला जातो, कारण आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजकांकडून निघतो. तुमच्याकडेही टी-शर्ट, छपाई, प्रवास हे भावाने किंवा एखाद्या दुकानदार मित्राने वेगळं उचलावं. "तुमच्या हजारातले हजार गेले" हे वाक्य लिहिता आलं पाहिजे.

कॅन्सरमधून गेलेले किंवा उपचार चालू असलेले सहभागी इथे 'लिव्हिंग प्रूफ' म्हणून ओळखले जातात. त्यांच्यातले कित्येक जण स्कॅनच्या तारखा निधीच्या पानावर टाकत नाहीत. त्याबद्दल आधी घरात बोलून घ्या. एकदा "रिपोर्ट क्लीन" असं जाहीर लिहिलं की पुढच्या प्रत्येक रिपोर्टची चौकशी दोनशे माणसं करतात.

अमेरिकेतल्या देणगीदारांना भारतातल्या रुग्णालयाला थेट दिलेल्या पैशावर इथली करसवलत मिळत नाही. तेवढी ओळ त्यांच्या मेसेजमध्ये घाला.


कर्वेरोड

शेवटचा प्रश्न. पोर्ट फ्लशची (पोर्टची नळी तुंबू नये म्हणून ती धुण्याची) तारीख नेमकी शर्यतीच्या आदल्या गुरुवारी येतेय. चालेल?


टाके_आणि_टेप

नको. रुग्णालयाला विचारून आठ-दहा दिवस आधी करून घ्या. त्यांच्याकडे अंतर किती आठवड्यांचं आहे त्यावर ते पुढे-मागे करून देतात. फ्लशनंतर काही तासांत थंडी वाजून ताप आला तर पोर्टमध्ये संसर्ग असू शकतो. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत. गुरुवारी फ्लश, शनिवारी बारीक कणकण आणि "उद्या झाली की दाखवू", हे नेमकं टाळायचं आहे. सरावाच्या काळातही फ्लशच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फक्त चालणं, आणि सुई टोचलेल्या जागेवरची पट्टी निघेपर्यंत घट्ट टी-शर्ट नको.